कटर बंद झाल्यावर बघायचं असतं: तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

मागच्या अंकात मी स्कॉटलंडच्या कारब्रिज गावातल्या चेनसॉ (आपण कटर म्हणतो ती, झाडं तोडायची साखळीची मशीन) कोरीवकामाच्या मेळ्याबद्दल अर्धं पान लिहिलं होतं. एडिनबराला पोराकडं गेलो होतो, एक दिवस रेल्वेनं तिकडं जाऊन आलो, एवढंच. त्यावर एवढी पत्रं अन् व्हॉट्सॲप आले की या महिन्यात बाकीचे प्रश्न (दाराला वाळवी, पॉलिश पांढरं पडलं, दिवाण कुरकुरतो) बाजूला ठेवलेत, त्या लोकांनी रागावू नये. काही पत्रं लांब होती म्हणून कापलीत. कटरनं नाही, कात्रीनं.

प्रश्न: काका, लेक-जावई इन्व्हरनेसला असतात, सप्टेंबरमधे आम्ही दोघं जाणार आहोत. आमच्या ह्यांना लाकडाचं वेड, काम काहीच येत नाही पण वखारीत गेले की तासन् तास उभे. तुम्ही लिहिलेला मेळा बघायला जावं का? दिवसभर घरघर ऐकून डोकं नाही ना उठणार? आणि तिथं नेमकं बघायचं काय?
(एक वाचक ताई, उदगीर)

उत्तर: ताई, जावंच. इन्व्हरनेसहून तर लईच जवळ, कारब्रिजला स्वतःचं स्टेशन आहे, अर्ध्या-पाऊण तासात उतरता. मेळा सप्टेंबरच्या सुरुवातीला असतो, २००३ पासून चालू आहे, तरी विमानाचं तिकीट काढायच्या आधी त्या वर्षीची तारीख जावयाला बघायला लावा. गाव म्हणाल तर आपल्याकडच्या एखाद्या वाडीएवढं. १७१७ सालचा एक दगडी पूल आहे, १८२९ च्या पुरात त्याचं अंग वाहून गेलं अन् नुसती कमान उरली, ती बघायला पण लोक येतात. ऑक्टोबरमधे त्याच गावात ओट्सची लापशी शिजवायची जागतिक स्पर्धा असते, म्हणजे हौसेच्या बाबतीत ते आपल्या पुढंच आहेत.

आवाजाचं खरंय. चालू चेनसॉ चालवणाऱ्याच्या कानापाशी १०० डेसिबलच्या वर जाते. हिशोब असा सांगतात की ८५ डेसिबलला ८ तास चालतं अन् पुढं दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होत जातो, म्हणजे १०० ला १५ मिनिटं. तुम्ही दोरीच्या बाहेर लांब असणार त्यामुळं तेवढं नाही, पण एकाच मैदानात एकाच वेळी कितीतरी मशीन चालतात. मेडिकलमधून फोमचे इअरप्लग घेऊन जा, बोटात वळून बारीक करायचे अन् कानात सोडायचे, आत फुगतात. कापसाच्या बोळ्यानं काही होत नाही. आणि तिकडं एक बारीक चावरी चिलटं असतात, आपल्याकडच्या केमऱ्यांची मावसबहीण म्हणा, पूर्ण बाह्यांचं घाला.

आता बघायचं काय. सगळे लोक फिरत बसतात. या खुट्ट्यापाशी दोन मिनिटं, त्या खुट्ट्यापाशी दोन मिनिटं, फोटो, आइस्क्रीम, अन् शेवटी घोडा झालेला दिसला की टाळ्या. तसं करू नका. सकाळीच जा, एक माणूस निवडा अन् त्याच्यासमोर ठाण मांडून बसा. त्यांना मुख्य कामाला चारेक तास असतात, उभा ओंडका समोर ठेवलेला, त्यातून पुरी आकृती काढायची. पहिला तास बघणाऱ्याला वाटतं हा नुसता जळण फोडतोय, मोठमोठे सपाट काप मारतो, फळकुटं पडत राहतात, ओळखू काही येत नाही, म्हणून गर्दी पुढं सरकते. पण सगळा खेळ त्याच तासात होऊन जातो. वरून खाली येत जातो तो, डोकं आधी, पाय शेवटी, कारण खालचा वजनदार भाग शाबूत असेपर्यंत ओंडका हलत नाही. अन् नाकाची जागा तो उगीच जाड सोडून देतो, बघताना वाटतं अरे हे काढ की. नाही काढत. मातीच्या गणपतीला सोंड बारीक झाली तर थापून लावता येते, इथं गेलं ते गेलं.

दुसरी गोष्ट, जी मला सगळ्यात भारी वाटली, ती म्हणजे कटर बंद झाल्यावरची. मधेच एक एक मशीन थांबते, पेट्रोल भरायला, धार लावायला. त्या वेळी लोक निघून जातात, तुम्ही जवळ जा (दोरीपर्यंत). माझ्यासमोर एक साठीचा माणूस होता, दाढी भुशानं पांढरी झालेली का मुळातच पांढरी ते शेवटपर्यंत कळलं नाही. त्यानं मशीन बंद केली, बाजूच्या खुंटाला आधीच पाडलेल्या खाचेत बार (चेन जिच्याभोवती फिरते ती लांब पट्टी) उभा अडकवला, म्हणजे शिकंजाच झाला, मग चेनच्या एका दाताला निळा मार्कर फासला, सुरू कुठून केलं ते कळावं म्हणून. गोल कानस घेतली. एका बाजूचे दात, प्रत्येकाला तीन ओढी, ढकलायची फक्त पुढं, मागं आणताना उचलून. दर दाताला ओठ हलत होते, मोजत होता तो. एका बाजूचे झाले की स्वतः पलीकडं जाऊन दुसऱ्या बाजूचे. मी माझ्या मोडक्या इंग्रजीत विचारलं की मोजता कशाला, तर म्हणाला एका बाजूला चार अन् एका बाजूला तीन ओढी झाल्या की चेन एका अंगाला पळते, तुला वाटतं तू सरळ कापतोयस अन् घुबडाची चोच निघते वाकडी. माझा बाप करवतीला दात लावताना असाच ओठ हलवायचा, मला वाटायचं जप करतोय.

ह्यांना सांगा, भुशाकडं लक्ष ठेवा. धार असली की चेन जाड छिलके फेकते, बोटात धरता येतील असे. धार गेली की पिठासारखं पडतं अन् धूर निघतो. एवढं एक कळलं तरी वखारीत उभं राहायला त्यांना नवीन कारण मिळेल. संध्याकाळी लिलाव असतो, बघायला मजा येते, पण घ्यायच्या भानगडीत पडू नका, विमानात घुबड बसत नाही.

प्रश्न: मामा, मी सहा वर्षं झालं कटर चालवतो, बाभळी, सुबाभूळ, निलगिरी तोडायची कामं घेतो. मोबाईलवर अस्वल, गरुड कोरणारे बघून मीपण एक गरुड केला, गावातली पोरं कोंबडी म्हणूलालीत. मशीन तीच चालती का येगळी लागती? असल्या मेळ्यात शिकायला भेटतं का?
(किनवट तालुक्यातून)

उत्तर: फोटो बघितला. पोरांचं चुकलं नाही, कोंबडीच आहे, पण चांगली कोंबडी आहे. सांगतो का ते. गरुडाच्या डोळ्यावर भुवईसारखं हाड पुढं आलेलं असतं, डोळा त्याच्या सावलीत बसतो, त्यामुळं तो रागात दिसतो. तू डोळा सपाट गालावर काढलास, चोचीच्या वरची जागा आधीच खाऊन टाकलीस, आता भुवई कुठून आणणार? हेच वरच्या ताईंना सांगितलं, सोडायचं ते आधी ठरव. मडक्यात पाणी घालून पारावर ठेव अन् कोंबड्याला अन् घारीला दोघांनाही जवळून बघ, मोबाईल नको.

मशीन म्हणशील तर सुरुवातीचे मोठे काप तुझ्याच मशीननं होतात, तिकडचेपण मोठ्या मशीननंच सोलून घेतात. फरक पडतो तो बारीक कामाला, अन् तो मशीनमधे कमी, बारमधे जास्त. कोरीवकामाच्या बारचं टोक एकदम निमुळतं असतं. त्यांची नावं पण मजेशीर, अमेरिकेच्या नाण्यांवरून पडलीत, डाइम टिप अन् क्वार्टर टिप. डाइम म्हणजे साधारण १८ मिलिमीटरचं नाणं, क्वार्टर २४ चं, टोकाची गोलाई तेवढी. त्यावर पाव इंच पिचची (पिच म्हणजे चेनच्या कड्यांमधल्या अंतराचं माप) बारीक चेन चालते, तिला ४ मिलिमीटरची गोल कानस लागते. तुझ्या तोडणीच्या मशीनला वेगळी लागत असेल, एकच कानस सगळीकडं घासू नको. या बारच्या टोकाला फिरकी नसते, नुसतं कडक केलेलं लोखंड, म्हणून टोक तापतं, बारला तेल जातंय का ते दर टाकीला बघायचं. कोरा पुठ्ठा समोर धरून मशीन पळवली की तेलाची रेघ उमटली पाहिजे.

निमुळत्या टोकाचं खरं कारण वेगळंय. तुला माहीतच असेल, बारच्या टोकाचा वरचा पाव भाग लाकडाला टेकला की मशीन उसळून तोंडावर येते. किकबॅक. पापणी लवायच्या आत होतं, ब्रेक लावू म्हणून लावता येत नाही, तो आपोआप लागला तर लागला. तोडणीत आपण टोक लाकडात घालायचं टाळतो, पण कोरणारा दिवसभर टोकानंच काम करतो. टोक बारीक असलं की उसळी कमी बसते. कमी म्हणलं, बंद नाही. म्हणून तुझ्या त्या मोठ्या बारच्या टोकानं डोळे काढायला जाऊ नको, ते त्या गरुडाचे निघायच्या आधी तुझे निघतील.

आणि तुझ्या दुसऱ्या फोटोबद्दल बोलायचंय. गळ्यात दस्ती, पायात चप्पल, बर्मुडा. हे बघ, मी शहाणा म्हणून नाही बोलत. मी नवीन नवीन मशीन घेतली तेव्हा उन्हाळा होता, घाम पुसायला दस्ती खांद्यावर, वाकलो अन् दस्तीचं टोक चेननं धरलं. नशीब की गाठ मारली नव्हती. सर्रकन गेली, क्लचपाशी जाऊन बोळा झाला अन् मशीन बंद पडली. मानेला वळ उठला होता आठ दिवस, घरी सांगितलं की बैलाचा कासरा लागला. बायकोनं विचारलं, कुणाचा बैल? आमच्याकडं बैल नव्हता.

गंमत म्हणजे चेनसॉची जी खास पॅन्ट असते तीपण याच तत्त्वावर चालते. आत लांब लांब चिवट धाग्यांचे थर असतात, चेन लागली की धागे ओढून निघतात, गिअरमधे गुंततात अन् चेन जाम होते. म्हणजे माझ्या दस्तीनं केलं ते, फक्त मान न ओढता. ती पॅन्ट महाग आहे, आपल्या उन्हात नको वाटते, तरी घे. पुढच्या दोन तोडणीच्या पैशातून बूट अन् पॅन्ट, त्यानंतर डाइम बार. उलटं करू नको.

शिकायला मिळतं का, तर मेळे दोन तऱ्हेचे. काही स्पर्धा असतात, तिथं कुणाला बोलायला वेळ नसतो. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात रिजवे म्हणून गाव आहे, लाकडाच्या धंद्यावर वाढलेलं, तिथं एका कोरणाऱ्या नवरा-बायकोनं फेब्रुवारीच्या थंडीत मेळा भरवायला सुरुवात केली, नंबर नाही, नुसती भेट. देशोदेशचे कोरणारे एकमेकांच्या ओंडक्यापाशी जाऊन, हे कसं केलं रे, असं विचारत फिरणार. तुला तसला पाहिजे. पण किनवटहून रिजवे लांब पडतं, तोवर खालचं कळमनुरीच्या सरांचं पत्र वाच.

सरावाला सुबाभूळ घे, बाभळीपेक्षा मऊ आहे. बाभळीवर शिकू नको, धारेची वाट लावते. निलगिरीचा तंतू पिळलेला असतो अन् वाळताना उभी फाटते. पहिल्यांदा घुबड कर. घुबड ओंडक्याच्या आकारातच बसतं, पंख मिटलेले, मान नाही, पाय दिसत नाहीत. बरीच नवीन माणसं घुबडापासून सुरू करतात ते काही घुबड आवडतं म्हणून नाही. आपल्याकडं कुणी विकत घेणार नाही, अपशकुनी म्हणतील, तर लक्ष्मीचं वाहन सांग.

प्रश्न: तुम्ही लिहिलं होतं १ लिटर पेट्रोलला २० मिली टू-टी ऑइल. माझ्या मशीनच्या पुस्तकात ४० मिली आहे. चुकीची माहिती छापू नका, लोकांच्या मशीन जळतील.
(जालना)

उत्तर: तुमच्या मशीनला ४० च घाला. मी लिहिलं ते ५० ला १ प्रमाण आहे, तुमचं २५ ला १, पुस्तक सांगेल ते खरं. माझं चुकलं एवढंच की 'आपलं पुस्तक बघा' हे वाक्य राहिलं. पुस्तक हरवलं असेल तर टाकीच्या झाकणापाशी किंवा दुकानदाराकडं बघा, अंदाजपंचे ओतू नका.

प्रश्न: मी नर्सिंगला आहे. मैत्रीण म्हणते चेनसॉ मुळात बाळंतपणासाठी शोधली. थापा ना?
(लातूर)

उत्तर: थापा नाहीत. अठराव्या शतकाच्या शेवटी स्कॉटलंडमधेच एटकिन अन् जेफ्री या दोन डॉक्टरांनी दातेरी साखळीची हातानं चालवायची बारीक करवत वापरात आणली, मूल अडलं की जघनाचा सांधा मोकळा करायला अन् सडलेलं हाड कापायला. भूल द्यायची सोय तेव्हा नव्हती. तिला पेट्रोलचं इंजिन लावून झाडं तोडणं हे सगळं विसाव्या शतकातलं. मैत्रिणीला चहा पाजा.

प्रश्न: आमच्या अंगणातला कडुनिंब वळवाच्या वादळात पडला. सासूबाईंनी लावलेला, पन्नास वर्षं तरी झाली असतील, त्याच्याखाली त्यांची बाज असायची. खोड जळणाला द्यायचं मन होत नाही. त्याची एखादी मूर्ती करून अंगणात ठेवावी असं मिस्टर म्हणतात. करता येईल का? तडकणार नाही ना?
(अंबाजोगाई)

उत्तर: करता येईल. तडकणार. दोन्ही आधीच सांगितलेलं बरं.

लाकूड वाळताना आक्रसतं, पण सगळीकडं सारखं नाही. खोडाच्या गोलाईच्या दिशेनं जवळपास दुप्पट आक्रसतं, गाभ्याकडून सालीकडं त्याच्या निम्मं. त्यामुळं अख्खा ओंडका ठेवला की कुठंतरी फाटून त्याला ती जागा करून घ्यावीच लागते, सालीपासून गाभ्यापर्यंत. तुम्ही काही लावा, देव पाण्यात ठेवा, अख्ख्या खोडाला चीर पडणार. म्हणून कोरणारे लोक पाठीमागच्या बाजूनं उभा काप मुद्दाम मारून ठेवतात, गाभ्यापर्यंत. आक्रसायचं ते तिथून आक्रसतं, काप रुंद होतो अन् तोंड बहुतेक वाचतं. भिंतीकडं पाठ केली की कुणाला दिसत पण नाही. दोन्ही टोकांना आत्ताच, म्हणजे हे वाचून झाल्याबरोबर, जुना ऑइल पेंट जाड फासा, पाणी टोकांतून सगळ्यात जोरात उडतं. खोड सावलीत, दोन विटांवर. उन्हात अजिबात नको, अंबाजोगाईचं ऊन आठ दिवसांत त्याचा टरबूज करेल.

आता खरी अडचण. अंगणातलं झाड म्हणजे आत लोखंड. पन्नास वर्षांत त्याला काय काय ठोकलं असेल आठवा. पाळण्याचा हूक, कपड्याच्या तारेचा खिळा, निवडणुकीचे बोर्ड, संक्रांतीला कुणी पतंगाच्या दोऱ्यासाठी मारलेली चूक, म्हशीची कडी. झाड बाहेरून वाढत जातं, खिळा तिथंच राहतो, पन्नास वर्षांनी तो चार-सहा इंच आत असतो, सालीवर काही खूण नाही. मी एकदा असल्याच अंगणातल्या निंबाला मशीन लावली, ठिणगी उडाली, चेनचे अकरा दात गेले. मालक म्हणाले, आमच्यात कुणी खिळा मारलेला नाही. आतून निघाली नाल. बैलाची. त्यांचे आजोबा बैलाच्या नाला झाडाला ठोकून ठेवायचे हे त्यांच्या आत्याला माहीत होतं, त्यांना नव्हतं.

तर सासूबाई असतील तर त्यांना विचारा, नसतील तर घरात सगळ्यात म्हातारं जे कोण आहे त्यांना. आरपार कापल्यावर लाकडात निळा-काळा डाग उभा पसरलेला दिसला की समजायचं जवळपास लोखंड आहे. भंगारवाल्याकडचा मोठा लोहचुंबक वरवरचं पकडतो, खोलातलं नाही.

मूर्तीच करा असं नाही माझं म्हणणं. बाज असायची म्हणता, तर त्याच जागी बसायचा ओटा करा, खोड आडवं ठेवून वरून बसका काप, पाठीला टेकायला थोडा भाग उभा सोडलेला. मेळ्यांत अस्वल-गरुडांच्या खालोखाल बाकं होतात, लोक बसतात, लिलावात पण जातात. ही माझी आवड झाली, मिस्टरांना मूर्ती हवी असेल तर मूर्ती.

प्रश्न: आमच्या गावात पोळ्याच्या आसपास असा मेळा छोट्या प्रमाणात भरवायचा विचार आहे. शाळेचं मैदान आहे, सरपंच तयार आहेत. ओढ्याकाठी वादळात पडलेली झाडं आहेत. काय काय लागेल? उद्घाटनाला कोणाला बोलवावं?
(एक शिक्षक, कळमनुरी तालुका)

उत्तर: सर, उद्घाटनाला कोणालाच बोलवू नका. पाहुणे येईपर्यंत पेट्रोल उडून जातं, मग सत्कार, शाल-नारळ, प्रास्ताविक, अन् कटरवाले उन्हात बसून. फार तर सरपंचांना पहिली दोरी बांधू द्या.

दोरी मात्र पक्की. प्रत्येक कोरणाऱ्याभोवती मोकळी जागा अन् बाहेर दुहेरी दोरी, पोरं आत घुसणार हे धरून चाला, तुम्ही शिक्षक आहात, तुम्हाला काय सांगायचं. शाळेचं मैदान असेल तर सुट्टीच्या दिवशीच. ओंडके रांगेत ठेवा, समोरासमोर नको, छिलके अन् तुटकी चेन सरळ रेषेत उडते. पेट्रोल एका कोपऱ्यात, सावलीत, बिडी-काडीपासून लांब, बंद झालेल्या गरम मशीनमधे लगेच भरायचं नाही. मरमपट्टीच्या पेटीत बँडेड अन् आयोडीन उपयोगाचं नाही, दाबून धरायला मोठ्या जाड पट्ट्या पाहिजेत, आणि एक गाडी ड्रायव्हरसकट दिवसभर उभी. ग्रामीण रुग्णालयाला आदल्या दिवशी सांगून ठेवा.

लाकडाचं. पडलेलं झाड म्हणजे फुकटचं झाड नाही. १९६४ च्या वृक्षतोड कायद्यात साग, आंबा, चिंच, मोह, जांभूळ अशी झाडं यादीत आहेत, ओढा सरकारी असेल तर अजूनच वेगळा विषय. वन खात्याकडून अन् ग्रामपंचायतीकडून लेखी घ्या, तोंडी हो म्हणलेलं मोजू नका. ओढ्याकाठच्या झाडाच्या सालीत गाळ-वाळू बसलेली असते, आदल्या दिवशी पोरांना लावून साल काढून ओंडके धुऊन घ्या, नाहीतर पहिल्या पाच मिनिटांत सगळ्यांच्या चेन बोथट अन् दिवसभर नुसता कानशीचा आवाज.

स्पर्धा ठेवू नका असं माझं मत आहे, बक्षीस ठेवलं की घाई येते अन् घाईत हात जातो. ठेवायचंच असेल तर कॅनडातल्या चेटविंड गावाचं बघा. छोटंसं गाव, २००५ पासून दरवर्षी जूनमधे देशोदेशचे कोरणारे येतात, काही दिवस बसून मोठमोठं काम करतात, अन् झालेली शिल्पं गावातच राहतात, रस्त्याच्या कडेला, दुकानांपुढं. आता माणसं नुसती ती बघायला गाडी थांबवतात. तुमच्याकडं चार बैल, एक नांगऱ्या अन् एक टिटवी एसटी स्टँडवर उभी राहिली तरी भरपूर. खाली सिमेंटचा ओटा करून, बुडाला माती लागू न देता उभं करा, नाहीतर तीन पावसाळ्यांत वाळवीचं जेवण. कटरवाले तुम्हाला आसपासच मिळतील, एकाचं पत्र वरतीच आहे, कोंबडीवाला.

प्रश्न: मी एकाहत्तर वर्षांचा सुतार आहे. वाकस, पटाशी, किकऱ्यावर जन्म गेला. तुमचा मागचा लेख वाचला. चार तासांत घोडा! आम्ही देवाच्या पाटाच्या एका वेलबुट्टीला चार दिवस घ्यायचो. या राक्षसी मशीनला तुम्ही कला म्हणता, तुमच्या वडिलांना काय वाटलं असतं? राग मानू नका.
(सिल्लोड)

उत्तर: राग कसला. वडलांना काय वाटलं असतं ते मला माहीतेय, कारण त्यांनी एकदा बघितलं होतं. मी मशीननं एक तुळई चिरत होतो, किल्लारीच्या भूकंपात पडलेल्या एका माळवदाची, सागाची, बाजारात आली होती. ते दारात उभे राहून बघत होते. मशीन बंद केल्यावर म्हणले, लवकर होतंय, पण तू लाकडाला हात कधी लावतोस? उत्तर आलं नाही तेव्हा. आत्तापण पूर्ण येत नाही.

पण तुम्हाला एक विचारतो. वेरूळ तुमच्यापासून लांब नाही, दहाव्या लेण्यात गेलात? गेलाच असाल, आपल्या लोकांचं लेणं ते, विश्वकर्म्याचं, सुताराची झोपडी म्हणतात. आत मान वर केली की छताला वाशासारख्या बाकदार फासळ्या आहेत. अख्खं दगडात. छत तोलायला त्या वाशांची काडीची गरज नाही, डोंगर आपला आपण उभा आहे. कार्ल्याच्या चैत्यात तर खऱ्या लाकडाच्या फासळ्या अजून आहेत, दोन हजार वर्षांच्या. वेरूळला त्या पाथरवटांनी लाकडाचं घर बघितलेलं होतं अन् हत्यार हातात होतं छिन्नी-हातोडा, तरी हातून निघालं सुतारकामच. मला वाटतं त्या वेळी पण एखादा म्हातारा सुतार तिथं उभा राहून म्हणला असेल, दगडात कसली आलीय सुतारकी.

कारब्रिजच्या त्या दाढीवाल्याचं मी सांगितलं नाही पुढचं. शेवटची वीसेक मिनिटं राहिली तेव्हा त्यानं मशीन बाजूला ठेवली, खिशातून पटाशी काढली, अर्ध्या इंचाची, मूठ घामानं काळी झालेली, अन् घुबडाच्या डोळ्याच्या कडेनं हातानं एक गोल फिरवला. मागून अंगठा टेकवून, आपण धरतो तसंच. आजूबाजूला सगळ्या मशीन कोकलत होत्या. दोन्ही डोळे झाल्यावर त्यानं तळहात फिरवून बघितला, डोळ्यांनी नाही.

चार तासांचं म्हणाल तर तुमचं खरंय, त्यात वेलबुट्टी होत नाही, अन् झाली तर ती बघवत नाही. घोडा लांबूनच चांगला दिसतो. जवळ गेलं की चेनचे चरे दिसतात, काही लोक ब्लोटॉर्चनं जाळून ते लपवतात, मला नाही आवडत.

तुम्ही मशीन हातात घ्या असं मी म्हणणार नाही, एकाहत्तराव्या वर्षी नकोच. पण कळमनुरीच्या सरांना माणूस पाहिजे जो ओंडक्याभोवती एक फेरी मारून सांगेल की गाभा कुठल्या अंगाला सरकलाय, गाठ कुठं आहे, तोंड कुठं येऊ द्यायचं नाही. ते कटरवाल्या पोरांना येत नाही अन् मोबाईलवर दिसत नाही. तुमचा नंबर सरांना देऊ का, ते एका ओळीत कळवा. येताना पटाशीची पेटी घेऊन या, अन् ती किनवटच्या पोराच्या हातात पहिल्याच दिवशी देऊ नका, मोडून ठेवील.